चव्वीचा सेट म्हणजे ट्रेल नव्हे

पत्र असं आहे:

«सर, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो, वय चौतीस. तीन पत्ती घरातच शिकलो, पोकर गेली चार वर्षं. २०२५च्या कायद्यानं पैशाचा ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा मित्रांबरोबर गोव्याला जातो आणि मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर १००-२००च्या नो-लिमिट टेबलावर (१०० आणि २०० हे पत्ते बघण्याआधी भरायचे सक्तीचे स्मॉल आणि बिग ब्लाइंड, बेटला वरची मर्यादा नाही) वीस हजार घेऊन बसतो. मागच्या खेपेला एकाच रात्री तीनदा लहान जोडीवर सेट लागला (हातात जोडी, टेबलावर तिसरं तसंच पान), आणि तरी खिसा रिकामा करून परतलो.

पहिला डाव. साठीतले एक काका, दोन तास गप्प बसलेले, त्यांनी सुरुवातीच्या जागेवरून ८०० केले. माझ्याकडे चौकट आणि किलवर चव्वी, मी कॉल, म्हणजे तेवढेच भरले. बटनवरच्या, म्हणजे सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या, पोरानंही कॉल. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं: इस्पिक नव्वी, इस्पिक छक्की, बदाम चव्वी. काकांनी १,५०० लावले. जाळ्यात येऊ दे म्हणून मी नुसता कॉल केला, पोरानंही केला. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिक गुलाम. काका चेक (काही न लावता पुढे), मी चेक, पोरानं ५,००० लावले. काकांनी दोन राजे उताणे टाकून दिले (डीलरनं त्यांना टोकलंही), मी कॉल. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान, बदाम दुर्री, पोराचे ९,०००, मी कॉल. त्याच्याकडे इस्पिकचे एक्का-दश्शी, म्हणजे पाच इस्पिकांचा कलर.

दुसरा डाव मात्र झकास. एकानं ७०० केले, दुसऱ्यानं २,२००. या दुसऱ्याच्या पुढ्यात सगळे मिळून ९,००० होते. माझ्याकडे तिर्रीची जोडी, मी कॉल, पहिला फोल्ड. फ्लॉपवर तिर्री आली, त्यानं उरलेले ६,८०० टाकले, त्याच्याकडे राण्या होत्या. माझा त्या रात्रीचा सगळ्यांत चांगला खेळलेला डाव हाच.

तिसरा. नव्यानं वीस हजार घेतले. पंजीची जोडी, फ्लॉप राजा, अठ्ठी, पंजी, तिन्ही वेगळ्या रंगांची. सगळे पैसे आत गेले. समोर अठ्ठीचा सेट. हे मला कळायला हवं होतं का? आता लहान जोड्या खेळू की सरळ टाकून देऊ? आणि ज्याच्या हातात फ्लॉपपेक्षा मोठी जोडी आहे, त्याच्याकडून पैसे काढायचे तरी कसे?
– इस्पिकग्रस्त, पुणे»

इस्पिकग्रस्त यांस,

पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या खुर्चीवरून, एकदा काकांच्या. दुसऱ्यांदा वाचताना जास्त कळलं, पण काकांकडे शेवटी येतो.

आधी तुमच्या झकास डावाबद्दल. तिन्हींतला सगळ्यांत वाईट खेळलेला डाव तोच. रागावू नका, हिशेब घालून दाखवतो. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून मोठं काही लागायची शक्यता पावणेबारा टक्के, म्हणजे ढोबळमानानं सतरा वेळांत दोनदा. तुम्ही २,२०० भरून फ्लॉप पाहिलात. सतरापैकी पंधरा वेळा काही लागत नाही आणि तुम्ही हात टाकता: ३३,००० गेले. उरलेल्या दोन वेळा सेट लागतो. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, आधीचे ३,२०० होते (ब्लाइंडचे ३००, पहिल्याचे ७००, त्याचे २,२००), त्यात त्याचे उरलेले ६,८०० मिळवले तर दहा हजार. दोनदा मिळून वीस हजार. तेही तो दोन्ही वेळा सगळं देईल आणि तुम्ही दोन्ही वेळा जिंकाल असं धरून. तेहतीस हजार घालून वीस हजार आणायचे, म्हणजे दर कॉलला साडेसातशेच्या वर तोटा. एकदा जिंकलात, म्हणून तो तोटा दिसत नाही. गल्ल्यात मात्र तो असतोच.

नऊ हजारवाल्याच्या पुढ्यात तुमच्यासाठी माल नव्हताच, एवढाच त्याचा अर्थ. लहान जोडी उचलली की आपण पत्त्यांकडे पाहतो. पाहायचं असतं समोरच्याच्या चिप्सकडे. जुन्या खेळाडूंचा एक पाच-दहाचा नियम आहे: कॉलची रक्कम दोघांपैकी ज्याच्याकडे कमी चिप्स आहेत त्याच्या चिप्सच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त कॉल, दहाच्या वर गेली तर फोल्ड, मधल्या जागेत माणूस आणि बसायची जागा पाहून ठरवा. काकांचे ८०० वीस हजारांच्या चार टक्के. तिर्रीवाले २,२०० नऊ हजारांच्या जवळजवळ पंचवीस टक्के. पहिला कॉल करायचाच होता, दुसरा नव्हता. तेव्हा लहान जोड्या खेळायच्या का, याचं उत्तर हो असं आहे, पण ते दर डावाला नव्यानं, समोरचा ढीग मोजून द्यायचं. मोजता आला नाही तर विचारा, किती आहेत म्हणून. विचारण्यात काही कमीपणा नाही, आणि डीलर सांगतो.

आता चव्व्या. इथे जरा रेंगाळतो, कारण खरा आजार इथे आहे आणि तो मलाही होता.

आपण सगळे तीन पत्तीतून आलेलो. गणपतीत रात्र जागवायची म्हणून चादरीवर मांडलेला डाव, मामा ब्लाइंडवर ब्लाइंड खेळतायत, आणि आपण पत्ते उघडतो तो तीन सत्त्या. तीन पत्तीत ट्रेल ४२५ हातांत एकदा येते आणि एकदा आली की संपलं. पुढे पान येत नाही. फार तर वरची ट्रेल मारील, पण ते मनातही आणायचं कारण नसतं. म्हणून ट्रेल आलेला माणूस काय करतो? चेहरा पाडतो, हळूहळू चाल टाकतो, कोणी पॅक होऊ नये म्हणून जिवाचं रान करतो. तिथे ते बरोबरच आहे.

मग तोच माणूस होल्डेम, म्हणजे तुम्ही बोटीवर खेळता तो पोकर, खेळायला बसतो, फ्लॉपवर चव्वी दिसते, आणि अंगातली तीन पत्ती जागी होते. «जाळ्यात येऊ दे.» पण इथे अजून दोन पानं यायची आहेत, सगळ्यांसाठी यायची आहेत. आणि तीन चव्व्या तुमच्या दृष्टीनं ट्रेल असल्या तरी टेबलावर त्या नुसत्या एका सरळच्या (ओळीनं पाच पानं) किंवा एका कलरच्या (एकाच रंगाची पाच पानं) खाली आहेत. सुरुवातीला मीही असाच दुर्रीच्या सेटवर दोनदा चेक करून, हसू दाबत बसलो होतो. रिव्हरला चौथं बदाम पडलं तेव्हा हसू आपोआप गेलं.

ओव्हरपेअरवाल्याचं, म्हणजे ज्याच्या हातात फ्लॉपपेक्षा मोठी जोडी आहे त्याचं, मन जरा समजून घ्या. हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ हातांत एक. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात. म्हणजे सात-आठ तासांतून एकदा. राजे, राण्या यांचंही तेच गणित. काका दोन तास गप्प बसले होते ते याच साठी. राजे आले, त्यांनी ८०० केले, फ्लॉप आला नव्वी-छक्की-चव्वी. त्यांच्या दृष्टीनं याहून सुंदर फ्लॉप नाही: एक्का नाही, सगळं राजाच्या खाली. त्या क्षणी ते राजे त्यांना सगळ्यांत जाड वाटतात. पुढे पडणारं प्रत्येक वाईट पान त्यांना बारीक करत जातं. एक्का पडला, बारीक. तिसरं इस्पिक पडलं, बारीक. सत्ती किंवा अठ्ठी पडून सरळ डोकावायला लागली, बारीक. म्हणजे काकांकडून पैसे घ्यायची वेळ फ्लॉप हीच. तुम्ही ती टर्नवर ढकललीत, टर्नला गुलाम इस्पिकचा आला, आणि काकांचं दुकान बंद झालं.

त्यांच्या बाजूनं पाहिलं तर फ्लॉपवर त्यांची अवस्था काय होती? सेटसमोर ओव्हरपेअर नऊ टक्क्यांच्या आसपास जिंकते. दोनच राजे उरलेले, आणि त्यातला एक आला तरी तुमचं फुल हाऊस (तीन एकसारखी पानं आणि एक जोडी) होऊ शकतं. शंभरात एक्याण्णव वेळा तुम्ही पुढे आहात, त्यांना ठाऊक नाही, ते स्वतःहून पैसे टाकतायत. अशा वेळी त्यांना जास्तीत जास्त टाकू देणं हे तुमचं काम.

काकांचे १,५०० आले तेव्हा ५,००० करायचे होते. «मग ते पळून गेले असते» ही तुमची शंका इथूनच ऐकू येतेय. राजे घेतलेला माणूस त्या फ्लॉपवर एका रेझला सहसा पळत नाही; त्याला वाटतं तुमच्याकडे नव्वी आहे, गुलामांची जोडी आहे, दोन इस्पिक आहेत. आणि पॉटचं गणित पाहा. समजा पोरगा गेला आणि काकांनी कॉल केला. पॉट १२,७०० झाला, दोघांपुढे १४,२०० उरले. टर्नला एकच बेट, साधारण पॉटएवढी, आणि सगळं आत. आता नुसत्या कॉलचा रस्ता: पोरगा नसता तर पॉट ५,७००, पुढ्यात १७,७००. आता तेवढे पैसे आत घालायला टर्न आणि रिव्हर दोन्हीला मोठ्या बेट लागतात, आणि काकांनी त्या दोन्ही पाहाव्या लागतात, मधे एकही वाईट पान न पडता. मोठा पॉट फ्लॉपवर पेरावा लागतो. रिव्हरला तो अचानक उगवत नाही.

आणि पोरगा. तुमच्या कॉलनंतर त्याला १,५०० भरून ५,७०० मिळवायची संधी मिळाली, म्हणजे एकाला जवळपास पावणेचार. पुढच्याच पानाला इस्पिक यायचा भाव एकाला सव्वाचार. भाव जवळजवळ जुळला, वर लागलंच तर तुमच्याकडून मिळणारे चौदा हजार. त्यानं काहीही चूक केली नाही. तुम्ही ५,००० केले असते तर त्याला ५,००० भरून ९,२०० साठी खेळावं लागलं असतं, एकाला दोनसुद्धा नाही. कदाचित तरीही आला असता, इस्पिकचा एक्का सोडवत नाही. येऊ दे. सेटसमोर कलरची वाट पाहणारा फ्लॉपपासून चारात एकदाच जिंकतो, आणि चुकीचा भाव देऊन आलेला माणूस म्हणजे गिऱ्हाईक. स्वस्तात आलेला मात्र भागीदार होतो.

टर्नवरच्या तुमच्या ५,००० च्या कॉलला मी दोष देत नाही. बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या पानांत, जोडी पडायला तुमच्याकडे दहा पानं होती, भाव थोडा कमी होता, पण फुल हाऊस झालं असतं तर पोरानं रिव्हरला ती तूट भरून दिली असती. रिव्हरचे ९,००० वेगळे. पॉट २६,२०० साठी ९,०००, म्हणजे चारात एकदा तो फसवत असेल तर कॉल बरोबर. फ्लॉपवर दोन जणांच्या मागून शांतपणे कॉल करणारा, तिसरं इस्पिक पडताच दोन जणांसमोर बेट करणारा आणि रिव्हरला परत बेट करणारा पोरगा चारात एकदा फसवतो? तुम्ही तिथे होतात, मी नव्हतो. पण ते नऊ हजार मला रागाचे वाटतात. सेट लागला होता आणि तो वाया जातोय, याचा राग.

सेटवर कधीच थांबायचं नाही, असं मात्र म्हणत नाही. फ्लॉप राजा-अठ्ठी-चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची, समोर एकच माणूस आणि तो असा की तुम्ही नुसता कॉल केलात तर टर्नला स्वतःच परत मारणार. तिथे एक कॉल चालतो, कारण भीती वाटावी असं पानच फारसं नाही. काकांसारख्या माणसासमोर नाही. ते एकदा मारतात, आणि दुसऱ्यांदा मारायच्या आधी चारदा विचार करतात. तुम्ही बिग ब्लाइंडला असाल तर काकांना चेक करा, ते मारतील, मग रेझ करा. कारण ज्यानं आधी रेझ केलंय त्याला फ्लॉपवर मारायची सवय असते. काकांनी चेक केलं आणि तुम्ही मागे असाल तर स्वतः मारा. किती मारायचं याची फार चिंता करू नका. राजे धरलेला माणूस «किती» हा प्रश्न कमी विचारतो, «मी मागे आहे का» हा जास्त. उत्तर नाही असं आलं की दोन हजारांनाही कॉल करतो आणि साडेतीनलाही. मग साडेतीनच मारा.

एक भेद लक्षात ठेवा. राजा-अठ्ठी-चव्वी असा फ्लॉप आला तर तुमचं खरं गिऱ्हाईक एक्का-राजावाला. राण्यांची जोडी तिथे लगेच आखडते. नव्वी-छक्की-चव्वीवर एक्का-राजावाल्याकडे काहीच नसतं, आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या पैसे देतात. फ्लॉप पाहून आधी ठरवा, दार कोणाचं ठोठावायचं.

तिसरा डाव चटकन संपवतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. नाही, कळायला नको होतं. राजा-अठ्ठी-पंजीवर तुमच्या पुढे असलेले हात मोजा: राजांची जोडी तीन प्रकारे होते, अठ्ठीची तीन प्रकारे. सहा. मागे असलेले: एक्क्यांची जोडी सहा प्रकारे, एक्का-राजा बारा प्रकारे. अठरा. शंभर बिग ब्लाइंडांच्या टेबलावर सगळं टाकणारा माणूस यांतल्या कशावरही टाकतो. तो इतका घट्ट असला की फक्त एक्के किंवा मोठा सेट यांवरच टाकेल, तरी सहाला सहा, आणि तोवर पॉटमध्ये पडलेले पैसे कॉलची बाजू घेतात. दोघांच्या हातात जोड्या असताना दोघांनाही सेट लागणं शंभरात एकदाच होतं. त्या दिवशी तुम्ही खालच्या बाजूला होतात. पैसे द्यायचे, पाणी प्यायचं, पुढचा हात.

दोघांपुढे साठ-साठ हजार असते तर उत्तर बदललं असतं. तीनशे ब्लाइंड आत घालायला एक्क्यांवाला सहसा तयार होत नाही, एक्का-राजावाला तर नाहीच. मग रेझवर रेझ, त्यावर रेझ होत गेलं की वरची अठरा झपाट्यानं आटते आणि ती सहा जागची हलत नाही. तिथे लहान सेटनं रेझ करून फक्त कॉल घ्यायचा, आणि समोरून तिसरी मोठी उडी आली तर माणूस कोण आहे हे पाहायचं. अशा खोल टेबलावर दुर्री-तिर्रीपेक्षा अठ्ठी-नव्वी बरी, कारण सेटवर सेट पडला की दुर्रीचा नेहमीच खालचा.

आता काका. त्यांनी राजे उताणे टाकले तेव्हा तुम्हाला फक्त हुकलेले पैसे दिसले. पण डीलर ज्यासाठी त्यांना टोकत होता, ती फुकटात मिळालेली माहिती होती. साठीतला माणूस, दोन तास वाट पाहून आलेले राजे, आणि तिसरं इस्पिक पडल्यावर एका बेटला फोल्ड. वाईट पान पडलं की हे सोडतात. म्हणजे त्यांच्यासमोर सेट लागला तर टर्नची वाट पाहायची सोय नाही. आणि तुमच्याकडे एकच इस्पिक एक्का असला आणि तिसरं इस्पिक पडलं, तर त्यांच्यासमोर तो एक एक्कासुद्धा कामाला येऊ शकतो. तुमचे मित्र गोव्याला पुन्हा निघतील तेव्हा बोटीवर गेल्यावर आधी काका दिसतात का ते पाहा. दिसले तर त्यांच्या डावीकडची खुर्ची मागून घ्या, आणि वीस हजार पुरे घेऊन बसा.